मागची सीट रिकामी आणायची नाही

मेढ्याच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथं मुद्दाम बघायला जावं असं काही नाही. देऊळ आहे, पण ते गावोगाव असतं. धबधबा आहे, तो पावसाळ्यापुरता. लोक त्याच रस्त्यानं महाबळेश्वरला जातात, फोटो काढतात, कणसं खातात आणि परत येतात. वाडीकडे वळणारा फाटा त्यांना दिसतसुद्धा नाही. मी मात्र दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंत तीन वेळा कुपवाडहून तिकडं स्कूटीवर निघाले. फिरायला नाही, माणूस आणायला.

आधी मी कोण ते सांगते. मी सुमन. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नट-बोल्टचा एक छोटा कारखाना आहे, तिथं बायकांच्या लाईनीवर सुपरवायझर आहे. तोंडानं फटकळ आहे, हे सगळे सांगतात, मीही नाकारत नाही. आमच्या लाईनीवर आटे पाडायच्या मशीनवर शालन बसायची. कमी बोलणारी, पण मशीन तिच्या हातात गुणी लेकरासारखं वागायचं. पावसाळ्यात तिचा नवरा गेला. पोरबाळ नव्हतं. तेराव्याला तिचा थोरला भाऊ जीप घेऊन आला आणि ट्रंकेसकट तिला वाडीवर घेऊन गेला. "चार दिवस राहू दे, मग येईल," म्हणाला. ते चार दिवस काही संपेनात. फोन केला की भाऊ उचलायचा, "बरी हाय, जेवली, झोपलीय," एवढंच सांगायचा. तिचं लाल हेल्मेट कारखान्यात खिळ्याला तसंच लटकत होतं. त्याच्या पुढं तिनं हौसेनं चिकटवलेली टिकली होती. रोज सकाळी मी त्याच्यावरची धूळ पुसायचे.

त्याच सुमारास शेठनी मला सांगलीला एका हॉटेलात ट्रेनिंगला धाडलं. विषय होता नेतृत्व. कोट घातलेला एक माणूस सकाळपासून बोलत होता, मी सकाळपासून जांभया देत होते. जेवणानंतर त्यानं दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या एका जुन्या कप्तानाची गोष्ट काढली आणि माझी झोप पार उडाली. कप्तानाला अख्खा बर्फाचा मुलूख चालत ओलांडायचा होता. ते राहिलं बाजूला, त्याचं जहाजच बर्फात अडकलं आणि चिरडलं गेलं. त्या क्षणी गड्यानं बेत बदलला. आता मुलूख नको, माणसं घरी न्यायची. होड्या वल्हवत एका ओसाड बेटावर सगळ्यांना नेऊन ठेवलं आणि मूठभर माणसं घेऊन तो मदत आणायला खवळलेल्या समुद्रात गेला. परत यायला निघाला तर बर्फ वाट देईना. एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला, तिसऱ्यांदाही फिरला. चौथ्या खेपेला पोचला. होडीतूनच ओरडून विचारलं, सगळे ठीक आहात ना? किनाऱ्यावरून आवाज आला, सगळे ठीक. त्या जहाजावरचा एकही माणूस त्यानं गमावला नाही.

शेवटी कोटवाल्यानं विचारलं, "यातून काय शिकलात?" सगळ्यांनी "टीमवर्क, टीमवर्क" केलं. माझ्या डोळ्यांपुढं खिळ्यावरचं हेल्मेट आलं. दुसऱ्या दिवशी शेठना सांगितलं, मी शालनला घेऊन येते. शेठ माणूस वाईट नाही. म्हणाले, "सुमनताई, मशीन बंद ठेवून मला चालत नाही. नवं वर्ष लागायच्या आत आणा. नाहीतर त्या जागेवर दुसरी बाई बसवणार, मग मला बोलू नका."

शेठ बोलले त्यात चुकीचं काय होतं? पण मी मनात म्हटलं, बघतेच.

पहिली खेप: पाहुण्यांनी अडवलं

कप्तानाची एक गोष्ट मला फार पटली होती. जो माणूस सारखा कुरकुर करतो, त्याला तो आपल्याच तंबूत घ्यायचा, म्हणजे बाकीच्यांना त्याची लागण होत नाही. आमच्याकडे कुरकुरीला बायडाबाई होती. जतकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, पॅकिंगवर काम करणारी. चहा गोड झाला तरी कुरकुर, फिका झाला तरी कुरकुर. तिला माझ्या मागं बसवायची ठरवली. दुसऱ्या स्कूटीवर मंगल, आमच्यातली सगळ्यात हसरी. तिची मागची सीट शालनसाठी मोकळी. तिथं लाल हेल्मेट दोरीनं बांधलं.

निघताना सामान बघून मी कपाळाला हात लावला. बायडानं दोन गोधड्या, पितळी डबा आणि उशी आणली होती. मंगलनं गाणी वाजवायचा स्पीकर. आमचे मालक, म्हणजे घरधनी, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेत, ते टायरमधली हवा बघत गालात हसत होते. "पल्टन कुठल्या बॉर्डरवर निघाली म्हणायची?" म्हणाले. कप्तानानं बर्फात सोन्याची नाणी फेकून दिली होती, पण एका गड्याचं वाजवायचं वाद्य ठेवून घेतलं होतं. मीही गोधड्या आणि उशी घरात टाकली आणि स्पीकर ठेवला. बायडा पेठनाक्यापर्यंत उशीवरनंच बोलत होती.

पण खरी चूक झाली होती ती आदल्या दिवशी. आम्ही कुठल्या वाटेनं जाणार ते तिघींनी आपापल्या पाहुण्यांना फोन करून सांगून ठेवलं होतं. आता आमच्या सांगली-साताऱ्यात हे किती महाग पडतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. रस्त्यावर सगळ्यांचं कोण ना कोण असतंच. इस्लामपूरजवळ बायडाची बहीण रस्त्यावर येऊन उभी होती, हात आडवा करून, पोलिसासारखी. तिथं पोहे झाले. कराडला मंगलची नणंद. तिनं शिरा केला होता आणि वर म्हणाली, "शिऱ्यावर कुठं कोण जातं? बसा, वरण-भात टाकलाय." उंब्रजला माझेच मामा. मामींनी मटण शिजवलेलं. नको म्हटलं तर मामींचे डोळे भरून आले. "आमच्या घरचं गोड लागत न्हाई व्हय तुला?" बसलो जेवायला.

त्यात ऊस-कारखाने नुकते सुरू झालेले. उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या मधोमध डुलत चालल्या होत्या आणि आमची पोटं त्यांच्यासारखीच भरली होती. साताऱ्यात पोचलो तर अजिंक्यताऱ्याची सावली शहरावर पसरली होती. पुढं मेढा, मग डोंगर, मग परत एवढी वाट. मंगल म्हणाली, "आक्का, जाऊया की तसंच." मला जायचं होतं. इतकं जवळ येऊन परत फिरायचं म्हणजे जिवावर आलं. पण दोन्ही पोरी माझ्या भरवशावर घरातून निघाल्या होत्या आणि घाट अनोळखी होता. मी स्कूटी वळवली.

कप्तानाला बर्फानं अडवलं. आम्हाला शिऱ्यानं. येताना बायडा कंदी पेढ्यांचा पुडा छातीशी धरून मागं गप्प बसली होती, आणि तिचं ते गप्प बसणं मला कुरकुरीपेक्षा जास्त लागलं. रिकाम्या सीटवर हेल्मेट टकटक वाजत होतं.

दुसरी खेप: तांदळाचं पोतं

दिवाळी होऊन गेली. या वेळी कुणाला काही सांगितलं नाही, फोन बंद, तोंडाला ओढणी. इस्लामपूरच्या बहिणीच्या दारावरून मान खाली घालून गेलो. चोर चोरी करून जाताना एवढा घाबरत नसेल.

साताऱ्याहून मेढ्याकडे वळलं की आपल्याकडचा मुलूख संपतो. आमची कृष्णाकाठची काळी, सपाट, उसानं गच्च भरलेली जमीन कुठंच दिसत नाही. कण्हेर धरणाचं पाणी डाव्या-उजव्या हाताला चमकत राहतं. मग वेण्णेच्या कडेनं भाताची लहान लहान खाचरं, एकाखाली एक. कापणी झालेली, भारे उन्हात पडलेले. हवेला भाताच्या पेंढ्याचा वास. बायडा पहिल्यांदा खूश झाली. म्हणाली, "आमच्या जतला एवढं पाणी असतं तर मी कशाला बोल्ट मोजत बसले असते?" मेढ्यात चहा घेतला, केळघरच्या बाजूनं वर चढलो आणि विचारत विचारत वाडीला लागलो. शेवटचा रस्ता असा की स्कूटीचं नाक आभाळाकडे.

शालनच्या भावाला सगळे शंकरदादा म्हणतात. उंच, पांढऱ्या मिशा, डोक्याला मफलर. आम्हाला बघून असा आनंदला की काय सांगू! वहिनी पाणी घेऊन धावत आल्या. ओटीवर घोंगडी अंथरली. आमच्याकडे ज्वारीची भाकरी आणि झणझणीत आमटी म्हणजे जेवण. इथं नाचणीची भाकरी, नव्या तांदळाचा मऊ भात, कुळथाचं पिठलं आणि वर घरचं तूप. भाताचा वास असा की नुसता खावा. दादा स्वतः वाढत होते. "खावा बायांनो, लय लांबनं आलाय तुमी."

शालन आतबाहेर करत होती. वाळलेली वाटली. मशीनपुढं भिंगरीसारखी फिरणारी बाई, आता सुपातले खडे निवडत होती. मी हात धुवायला परसात गेले तेव्हा ती तांब्या घेऊन मागं आली. हळूच म्हणाली, "आक्का, माझी जागा हाय का अजून?"

"हाय. यायचं का तुला?"

ती म्हणाली, "इथं समदी लय जपत्यात मला. पाण्याचा हंडासुदीक उचलू देत न्हाईत. आक्का, मी म्हातारी व्हायला बसलेय गं हितं." आणि तिला रडूच फुटलं. मग म्हणाली, "पर दादापुढं माझं तोंड उघडत न्हाई. त्येनं बाच्या माघारी वाढवलंय मला."

मी तरातरा ओटीवर आले. आता बोलायचंच. तोंड उघडलं आणि दादांनी ताटात आणखी एक तुपाची धार सोडली. म्हणाले, "सुमनताई, माझ्या भैनीसाठी एवढ्या लांब आला, तुमचे उपकार फिटायचे न्हाईत. आता तिची काळजी नगं. माझ्या जिवात जीव हाय तवर तिला काय कमी पडायचं न्हाई."

ज्याचं अन्न पोटात आहे, ज्याच्या तुपानं बोटं ओली आहेत, त्याच्या ओटीवर बसून त्याच्याशी भांडायचं कसं? मी, फटकळ सुमन, मान हलवून "व्हय दादा, बरोबर हाय" म्हणाले. निघताना त्यांनी तांदळाचं पोतं उचलून मंगलच्या मागच्या सीटवर बांधलं. हेल्मेट त्याच्यावर. शालन दारात उभी होती. तिनं पुढं येऊन त्या हेल्मेटच्या टिकलीवरून बोट फिरवलं आणि आत गेली.

घाट उतरल्यावर मी स्कूटी कडेला घेतली. रडले नाही, पण संताप झाला होता, स्वतःचाच. बायडा मागून उतरली, समोर आली आणि फाडकन म्हणाली, "आपुन माणूस आणाया गेलतो का जेवाया?"

"गप गं."

"का गप? माझा बा मेंढरं घेऊन फिरायचा. एक मेंढरू मागं राहिलं तर मुक्कामाचा वाडा हलवत नव्हता. बाकीची उपाशी ओरडू देत, आधी ते आणायचा. आपुन बघा, मेंढरू ठेवून पेंढा घेऊन आलो!"

मंगल हसायला लागली, मग मीही हसले, आणि हसता हसता मला सुचलं. आमच्याकडे सोयरीक मागायला जातात तेव्हा जाणती माणसं काय करतात? शब्द मिळेपर्यंत त्या घरचं पाणी तोंडाला लावत नाहीत. पाणी घेतलं की पाहुणे झालो, आणि पाहुण्यानं यजमानाचं ऐकायचं असतं.

"पुढच्या खेपेला," मी म्हणाले, "पाण्याचा थेंबसुद्धा नाही. बायडाबाई, जमेल?"

"मला काय विचारता? जतच्या उन्हात वाढलेय मी," ती म्हणाली.

तिसरी खेप: कोरड्या घशानं

डिसेंबर सरत आलेला. शेठनी एका बाईला येऊन मशीन बघून जायला सांगितलंय, हे मला कळलं होतं. ही खेप फसली तर पुढची नव्हती.

ऊन स्वच्छ होतं, पण वारं झोंबत होतं. घाटात पोचेपर्यंत तोंडं धुळीनं माखली. मेढ्यातही काही घेतलं नाही, म्हणजे वाडीत पाणी नाकारताना 'वाटेत झालंय' अशी पळवाट राहू नये. स्पीकरवर मंगलनं काही लावलं नाही. शेवटच्या चढाला माझी स्कूटी दोघींना घेऊन वर जाईना, तेव्हा बायडा उतरून चालत आली, आणि तिनं एका शब्दानं कुरकुर केली नाही. मला भरून आलं. म्हटलं, कप्ताना, तुझी युक्ती फळली रे.

ओटीवर बसलो. मी हेल्मेट सोडून माझ्यापुढं जमिनीवर ठेवलं. वहिनी तांब्या-पेला घेऊन आल्या.

"नको वहिनी," मी म्हणाले.

"च्या टाकू?"

"नको."

"उपास हाय का? मार्गशीर्षाचा?"

"उपास न्हाई वहिनी. दादांशी बोलायचंय. बोलणं झाल्याबिगार पाणी घ्यायचं न्हाई, असं ठरवून आलोय."

वहिनींच्या हातातला तांब्या हिंदकळला. त्या काय समजायचं ते समजल्या. आत गेल्या आणि दादांना घेऊन आल्या. दादांनी तांब्याकडे बघितलं, हेल्मेटकडे बघितलं, आणि त्यांच्या मिशा थरथरल्या.

"माझ्या दारात येऊन पाणी नाकारता? काय चुकलं माझं?"

"काय चुकलं न्हाई दादा. तुमी लय चांगलं वागला, म्हणून तर मागल्या वेळी मला बोलता आलं न्हाई. शालनला कामावर न्यायला आलोय."

"तिला कशाची कमी हाय हितं?"

"कामाची," मी म्हणाले.

ते उठून उभे राहिले. आवाज चढला. "रांडमुंड बाईनं सांगलीत भाड्याच्या खोलीत एकटं ऱ्हायचं? लोकं म्हणतील शंकरला एक भैन सांभाळता आली न्हाई. आणि तुमी कोण तिच्या? ना सोयऱ्या, ना भावकी."

मी मागं हटणार नव्हते. "तिच्या लाईनीवरच्या," मी म्हणाले. "तिचा नवरा दवाखान्यात होता तवा ही मंगल रात्रपाळी करून तिचा डबा न्यायची. ही बायडा तिच्या खोलीच्या शेजारी ऱ्हाते. ती एकटी न्हाई दादा. आणि तुमी जे म्हणताय ते समदं खरं हाय, तुमचा हक्क मोठा हाय. पर तिला कुणी विचारलं का?"

गल्लीतली चार माणसं ओटीखाली जमली होती. एक म्हातारा म्हणाला, "आवं बायांनो, घोटभर पाणी तरी घ्या, दारातनं कोरडं जाऊ नये." बायडाचे ओठ फुटले होते. तिच्यापुढंच तांब्या ठेवला होता. तिनं तो हातानं बाजूला सरकवला. "आमी बसतो हितंच," म्हणाली. "सांज झाली तर सांज."

आम्ही बसलो. दादा ओटीच्या खांबाला टेकून डोंगराकडे बघत होते. मला त्यांची दया आली. माणूस वाईट नव्हता, बहिणीवर त्याचा जीव होता, आणि भरल्या गावापुढं मी त्याला अडवून धरलं होतं. पण आता मी पाणी घेतलं असतं तर शालन जन्मभर सुपातले खडे निवडत बसली असती. मी तशीच बसून राहिले.

शेवटी दादा तिकडंच बघत म्हणाले, "विचारा तिला. शाले, ये भाईर."

शालन दारात आली. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, मान खाली. मी म्हणाले, "शालन, येतीस का?" तिनं वर बघितलं नाही. पुढं आली, वाकून हेल्मेट उचललं, पोटाशी धरलं आणि एक अक्षर न बोलता आत निघून गेली.

संपलं, मला वाटलं. ठेवून द्यायला नेलं तिनं. मंगलनं माझा दंड घट्ट धरला. दादांनी लांब श्वास सोडला. आता पाणी प्यावं आणि निघावं, असं माझ्या मनात आलंसुद्धा.

मग ती परत आली. पायात चपला. डोक्यावर लाल हेल्मेट, पट्टा हनुवटीखाली लावलेला, पुढं टिकली. हातात भरलेला तांब्या. सरळ दादांपुढं जाऊन वाकली, पाया पडली, हेल्मेटसकट. "दादा, जाते मी," म्हणाली. एकेक शब्द स्पष्ट. "सणावाराला येईन. तू बी येत जा. खोली माझी हाय, जेवाया मी घालीन."

आणि दादांनी काही म्हणायच्या आत ती आमच्याकडे वळली आणि पेला भरून माझ्या हातात दिला. "घ्या आता आक्का. मी देतेय."

मी पाणी प्याले. एवढं गोड पाणी मी आयुष्यात प्याले नाही, हे मी शपथेवर सांगते. बायडा तांब्यालाच तोंड लावून प्याली आणि ठसकली. त्यावर पहिल्यांदा हसल्या त्या वहिनी, डोळे पुसत. मग दादांनीही मफलरानं तोंड पुसलं. "च्या तरी घ्याल का आता? का त्याला बी बैठक बसवायची?" म्हणाले. आम्ही जेवून निघालो, पोटभर, आणि या वेळी कुणाचीही मान खाली नव्हती.

स्कूट्या चालू केल्या तर दादा सवयीनं तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन आले. मंगलच्या मागच्या सीटपाशी येऊन थबकले. तिथं शालन बसली होती.

"दादा," मी म्हणाले, "या वेळेला जागा न्हाई."

ते तसेच उभे राहिले. मग पोतं ओटीवर टेकवलं आणि शालनच्या हेल्मेटवर हात ठेवला. "ट्रंक आणि पोतं एस्टीनं धाडतो," म्हणाले.

घाट उतरताना मी पुढं, मंगल मागं. माझ्या मागं बसलेली बायडा दर वळणाला मान वळवून ओरडत होती, "मंगल, हाय का गं ती मागं?" मंगल ओरडायची, "हाय!" तिसऱ्या की चौथ्या वळणाला मंगलच्या आधी दुसराच आवाज आला, आम्ही पावसाळ्यापासून असा मोकळा न ऐकलेला, मोठ्यानं, खाली दरीत घुमणारा.

"हाय, हाय! हितंच हाय मी! पुढं बघा आता!"